जन्म १९९७, दहावी २०१२ : मिलेनियल की जेन झी?

प्रश्न थोडक्यात असा. जन्म फेब्रुवारी १९९७, कोल्हापूर शहर. मराठी माध्यम, दहावी २०१२, बी.ई. २०१८, सध्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात. कंपनीत 'पिढ्यांमधला संवाद' या विषयावर प्रशिक्षण झालं आणि टेबलं पिढ्यांप्रमाणे लावली गेली. जेन झीच्या टेबलावर विशीतले ट्रेनी होते. ते 'मॅडम' म्हणून गप्प बसले. मिलेनियलच्या टेबलावर गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांच्या ॲडमिशनच्या गप्पा होत्या, तिथंही जीव रमेना. मी नक्की कुठली, हे अधांतरी वाटणं कशामुळं, आणि पुढचं प्रशिक्षण माझ्याच गळ्यात पडलंय तर टेबलं कशी लावू, असे तीन प्रश्न आहेत.

फॉर्मवर रकाना भरायचाच असेल तर 'जेन झी' लिहा आणि मोकळ्या व्हा. सगळ्यात जास्त चालणारी मोजणी अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेची आहे : १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७ ते २०१२ जेन झी. तुम्ही त्या रेघेच्या पलीकडे जेमतेम दोन महिन्यांनी पडलात. पण मोजणी ही एकच नाही. ऑस्ट्रेलियातले समाज-संशोधक मार्क मॅक्रिंडल १९८० ते १९९४ मिलेनियल आणि १९९५ ते २००९ जेन झी असे गट पाडतात. 'मिलेनियल' हे नाव ज्यांनी पुढं आणलं ते अमेरिकन लेखक विल्यम स्ट्रॉस आणि नील होव ही पिढी १९८२ पासून थेट २००० नंतरच्या काही वर्षांपर्यंत ओढतात, म्हणजे त्यांच्या हिशेबानं तुम्ही पक्क्या मिलेनियल. १९९५ चा जन्म असलेला तुमचा सहकारी प्यूच्या कोष्टकात मिलेनियल आणि मॅक्रिंडलच्या कोष्टकात जेन झी. प्रशिक्षकानं स्लाइड कुठून उचलली त्यावर माणसाचं टेबल ठरतं.

प्यूनं रेघ १९९६ वर का मारली, ते त्यांनी २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी बहुतेक मिलेनियल ५ ते २० वर्षांचे होते, म्हणजे ती घटना कळण्याच्या वयाचे. २००८ च्या मंदीत आणि त्या वर्षीच्या अमेरिकन निवडणुकीत ते तरुण होते. आणि २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जेन झीतली सगळ्यात थोरली मुलं १० वर्षांची होती. कारणं चुकीची नाहीत, पण ती तिकडची आहेत. २००७ मध्ये आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या किती घरांत आयफोन होता? आपल्याकडं हातातलं इंटरनेट सरसकट झालं ते ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर. प्यूचाच तर्क इथं लावून बघा : २०१६ मध्ये १० वर्षांचं कोण होतं? २००६ साली जन्मलेलं मूल. म्हणजे त्याच नियमानं आपल्याकडची रेघ नऊ वर्षं पुढं सरकते आणि तुम्ही त्या रेघेच्या बऱ्याच अलीकडं येता. ट्रेनी मुलं तुम्हाला मॅडम का म्हणतात, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. गट १६ वर्षांचा असेल आणि दोन्ही टोकांची तीन-तीन वर्षं 'काठावरची' धरली, तर १६ पैकी ६ जन्मसालं काठावर येतात. दर आठ माणसांतली तीन. तेव्हा दोन शिक्क्यांच्या मधे अडकल्यासारखं वाटणं ही काही तुमची खासियत नाही, हे कोष्टकच तशा लोकांची फौज तयार करतं. १९८१ आणि १९९६ यांच्यात १५ वर्षांचं अंतर असून ते एका टेबलावर, आणि १९९६ व १९९७ वेगळ्या टेबलांवर. जन्मांच्या आकड्यांतच ठळक चढ-उतार दिसतो असा गट यात एकच, अमेरिकेतला १९४६ ते १९६४ चा बेबी बूम. बाकीच्या रेघा सोयीनं मारलेल्या आहेत. २०२१ मध्ये समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी पुढाकार घेऊन दीडशेहून जास्त अभ्यासकांच्या सह्यांचं खुलं पत्र प्यूला लिहिलं, की हे शिक्के वापरणं थांबवा. २०२३ मध्ये प्यूनंही जाहीर केलं की यापुढं पिढ्यांची तुलना जपून करू. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत मात्र अजून २०१९ चीच स्लाइड फिरते आहे.

आता अधांतरी वाटण्याचं मूळ कारण. पिढी पिढी म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. वय, काळ आणि बॅच.

'हल्लीची पोरं दोन वर्षांत नोकरी सोडतात' हे बहुतांशी वयाचं आहे. पंचविशीत माणूस हलतो, हप्ते सुरू झाले की थांबतो. आज पन्नाशीत असलेल्यांनीही उद्यमनगरात विशीत तीन-तीन कारखाने बदललेले असतात, फक्त ते त्यांना आता आठवत नाही. 'सगळे मोबाइलवरच असतात' हे काळाचं आहे, कारण आजोबासुद्धा सकाळी शुभप्रभात पाठवतातच. बॅचचा परिणाम म्हणजे एखादी गोष्ट ठरावीक वर्षांत जन्मलेल्यांना किंवा ठरावीक तारखेला आत आलेल्यांनाच लागली आणि पुढं जन्मभर चिकटून राहिली. अभ्यासकांची अडचण अशी की वय म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा, त्यामुळं दोन आकडे कळले की तिसरा आपोआप ठरतो. एकाच वेळी घेतलेल्या सर्व्हेतून हे तीन परिणाम सुटे करताच येत नाहीत. 'आमच्या सर्व्हेत जेन झी कमी निष्ठावान आढळली' असं कुणी सांगितलं, तर पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वयाच्या लोकांना तोच प्रश्न विचारला होता का, एवढंच विचारावं. उत्तर बहुधा नाही असं येतं.

बॅचचा परिणाम खरा कुठं दिसतो, त्याची आपल्या राज्यातली दोन उदाहरणं. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच शाळेच्या स्टाफरूममध्ये एक शिक्षक ऑक्टोबर २००५ चे आणि दुसरे डिसेंबरचे. वय तेच, डी.एड. तेच, गावही तेच असेल. पण २०२४ पर्यंत तरी एकाला निवृत्तीनंतर शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन आणि दुसऱ्याला बाजारात गुंतवलेला फंड. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात ही रेघ चांगलीच दिसली. पुढं २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला, म्हणजे रेघ थोडी वाकलीसुद्धा. तिचा जन्मसालाशी काही संबंध नाही. पण त्या दोघांच्या घर बांधायच्या निर्णयात आणि मुलांच्या शिक्षणाच्या खर्चात ती तुम्हाला कुठल्याही शिक्क्यापेक्षा जास्त दिसेल.

दुसरं उदाहरण तुमच्या थेट कामाचं आहे. मराठी माध्यमात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालच्या जूनपासून ते पहिलीपासून सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं दहावीला गेली मार्च २०१० मध्ये. म्हणजे दहावी २०१० ही मराठी शाळांतली खरी सीमारेषा. त्याआधीच्या माणसाला एबीसीडी दहाव्या-अकराव्या वर्षी भेटली. ऑडिटच्या दिवशी परदेशी कस्टमरसमोर कोण पुढं होतो आणि कोण फाइल घेऊन मागं उभा राहतो, हे ताडून बघा. कामाच्या अनुभवाचाही त्यात भाग असतो, पण सगळा नाही. तुमची दहावी २०१२ ची, तेव्हा या रेघेच्या तुम्ही पलीकडं, नव्या बाजूला.

आणि मोबाइलच्या रेघेच्या अलीकडं, जुन्या बाजूला. जिओ आलं तेव्हा तुम्ही साडेएकोणीस वर्षांच्या, थर्ड इयरला. शाळा संपेपर्यंत रिचार्ज जपून वापरायचा, सायबर कॅफेत जाऊन निकाल बघायचा, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या ट्रेनीला ते ऐकीव आहे.

तिसरी रेघ कोरोनाची. तुमच्या टेबलावरचा डिप्लोमा करून आलेला ट्रेनी धरा, जन्म २००५. नववीची वार्षिक परीक्षा झालीच नाही, दहावी बहुतेक मोबाइलवर, २०२१ ची बोर्डाची परीक्षा रद्द, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. २०२४ ला डिप्लोमा होऊन तो शॉपवर आला. व्हर्नियरचं (बारीक मापं घ्यायच्या पट्टीचं) वाचन घेताना तो चाचरतो किंवा मोल्डिंगच्या मामांना शंका विचारायला कचरतो, तेव्हा 'जेन झीला कष्ट नकोत' हे उत्तर सोपं असतं आणि चुकीचं. चौदा ते सोळा या वयात हातानं काही करायचे आणि परक्या मोठ्या माणसाशी समोरासमोर बोलायचे प्रसंग त्याला कमी मिळाले. त्याला उपायही तसाच लागतो. पहिले सहा आठवडे एक ठरलेला माणूस शेजारी, रोज दहा नगांचं मोजमाप दोघांनी वेगवेगळं घ्यायचं आणि संध्याकाळी आकडे जुळवायचे. संवादकौशल्यावर दोन तासांचं व्याख्यान देऊन यातलं काही होत नाही. तुम्ही २०२० च्या लॉकडाउनमध्ये २३ वर्षांच्या होता, नोकरीत होता. तुमची ती दोन वर्षं वाईट गेली असतील, पण तुमचं शिकण्याचं वय त्यात गेलं नाही.

आता तिन्ही रेघा एकत्र ठेवा. शाळेतल्या इंग्रजीची साधारण १९९४ च्या जन्मांपाशी, शिक्षण मोडल्याची २००४-०५ पाशी, हातातल्या इंटरनेटची २००६ पाशी. या मधल्या दहा-बारा वर्षांत जन्मलेला जवळजवळ प्रत्येक मराठी माध्यमाचा माणूस एका बाबतीत नवा आणि दुसऱ्या बाबतीत जुना आहे. अधांतरी वाटतं ते यामुळं. तुम्ही एका रेघेवर लटकलेल्या नाही. वेगवेगळ्या सालांच्या रेघा तुमच्या दोन्ही बाजूंनी गेल्या आहेत, आणि तुमच्यासारखा अख्खा घोळका त्यांच्यात आहे.

जन्मसाल सारखं म्हणजे पिढी सारखी असं होत नाही, हे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच मांडलं होतं. १८०० च्या आसपास चीनमधले आणि जर्मनीतले तरुण एकाच वयाचे असले तरी त्यांना एक पिढी म्हणता येत नाही, हे त्यांचं उदाहरण. दूरच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा आणि शहरातला मुलगा एकाच देशात असूनही वेगळे, हेही त्यांचंच. आपल्या जिल्ह्यात हे रोज दिसतं. ताराबाई पार्कातली आणि गगनबावड्यातल्या वाडीवरची, दोन्ही मुली १९९७ च्या. मोबाइलची रेंज, इंग्रजी माध्यम, कॉलेजला जायला एसटी किती वाजता, यात पाच-सात वर्षांचा फरक सहज पडतो. एकाच घरात भावाला बारावीत मोबाइल आणि बहिणीला नोकरी लागल्यावर, हेही काही जुनं झालेलं नाही. बाईच्या बाबतीत 'घरात कधी आला' आणि 'हातात कधी आला' ही दोन वेगळी सालं असतात, आणि सर्व्हे करणारे बऱ्याचदा पहिलंच विचारतात.

स्वतःची जागा तपासायची असेल तर सर्व्हेच्या कामातली एक जुनी पद्धत घरी करता येते. तिला जीवनरेषेचं कोष्टक म्हणू. वहीची दोन समोरासमोरची पानं घ्या. डावीकडं खाली खाली सालं, वय १० पासून २५ पर्यंत, म्हणजे सोळा ओळी. तुमच्यासाठी २००७ ते २०२२. आडवे रकाने पाच : वय, इयत्ता किंवा नोकरी, राहण्याची जागा आणि घरात कोण कोण, हातात कुठलं यंत्र (टीव्ही, सामायिक मोबाइल, स्वतःचा मोबाइल, गाडी), आणि पैसा कुठून व कसा यायचा. दुसरा रकाना सगळ्यात आधी पूर्ण करा, कारण आपल्याला साल आठवत नाही, इयत्ता आठवते. मग सगळ्यांना ठाऊक असलेल्या तारखा खुंट्या म्हणून ठोका : २ एप्रिल २०११ ची वर्ल्डकप फायनल, ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० चं लॉकडाउन, जुलै २०२१ चा पूर. बाकीच्या गोष्टी या खुंट्यांच्या आधी की नंतर, असं विचारत भरत जा. 'पहिला स्मार्टफोन कधी?' याला उत्तर येत नाही. 'नोटाबंदीच्या रांगेत उभं होतो तेव्हा हातात कुठला फोन होता?' याला लगेच येतं.

यात चुका कुठं होतात ते सांगतो. एक म्हणजे लांबच्या गोष्टी जवळ सरकतात. आठ वर्षांपूर्वीचं 'पाचेक वर्षं झाली असतील' असं लिहिलं जातं. खुंट्या त्यासाठीच आहेत. दुसरी चूक जास्त फसवी, उसन्या आठवणींची. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून रिळ गुंडाळणं, एसटीडी बूथ, दूरदर्शनवरचा रविवार. हे तुम्ही स्वतः केलं, की थोरल्या भावाचं ऐकलं, की रीलमध्ये पाहिलं? चाळणी सोपी आहे. तेव्हा मी कितवीत होते आणि कुठल्या खोलीत बसले होते, याचं उत्तर आलं नाही तर ती नोंद खोडा. नव्वदीत जन्मलेल्यांच्या कोष्टकातून बऱ्याच नोंदी अशा उडतात, आणि 'मी मनानं जुन्या काळचीच' हे वाटणंही थोडं उतरतं. तिसरी बाब कागदोपत्री जन्मतारखेची. १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना जी तारीख टाकली, त्यानं एका-एका कार्यालयातून ३१ मेला अर्धा डझन लोक एकदम निवृत्त होतात. तुमच्या कंपनीतल्या पन्नाशीच्या पुढच्या कामगारांत असे बरेच निघतील. खरं साल वर्ष-दीड वर्षानं इकडंतिकडं असू शकतं. तेव्हा त्यांना जन्मसालावरून काठावरच्या गटात टाकताना सांभाळून.

असंच कोष्टक तुमच्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या आणि तेवढ्याच लहान अशा दोन माणसांचं भरा. चुलत-मावस भावंडं उत्तम, कारण घरची परिस्थिती साधारण सारखी असते आणि फरक दिसला तर तो सालाचा असण्याची शक्यता वाढते. तिन्ही पानं शेजारी ठेवून कुठल्या रकान्यात तुम्ही थोरल्याशी जुळता आणि कुठल्यात धाकटीशी, त्यावर दोन रंगांच्या खुणा करा. दीड-दोन तासांचं काम आहे. बहुतेकांचं पान दोन रंगी निघतं.

आता तुमचं प्रशिक्षण. पिढीचा शिक्का फॉर्मवरून काढूनच टाका. त्याऐवजी पाच गोष्टी विचारा : जन्मसाल, दहावीचं साल, शाळेचं माध्यम, पंधराव्या वर्षापर्यंत कुठं राहिलात (शहर की गाव, तालुका कुठला), आणि या कंपनीत कधी लागलात. जन्मसालाचा रकाना चार आकडी मोकळा ठेवा, तयार गटांची यादी देऊ नका. एकदा गटात गोळा केलेलं उत्तर पुन्हा सुटं करता येत नाही. सालं हातात असली की पाच-पाच वर्षांचे गट हवे तसे पाडता येतात. गट लहान असेल तर टक्केवारी काढू नका. आठ जणांच्या गटात एकानं मत बदललं की साडेबारा टक्के हलतात, आणि मॅनेजमेंटला दाखवलेल्या स्लाइडवर तो फार मोठा कल वाटतो. तीसच्या खाली माणसं असतील तर 'आठपैकी पाच' असंच लिहावं.

कंपनीत लागल्याचं साल मी मुद्दाम घालायला सांगतोय. कारखान्यात बरेच वाद पिढीच्या नावावर खपवले जातात, पण ते असतात कायम आणि कंत्राटी यांच्यातले, किंवा जुन्या करारात लागलेले आणि नव्या करारात लागलेले यांच्यातले. फेटलिंगमधला (ओतलेले नग घासून साफ करणाऱ्या विभागातला) पंचेचाळीस वर्षांचा कायम कामगार ओव्हरटाइमला नाही म्हणतो आणि पंचविशीतला कंत्राटी हो म्हणतो, यात तरुणांची जिद्द वगैरे शोधू नका. एकाला नाही म्हणणं परवडतं. उलट प्रकारही बघायला मिळतो, तेव्हा मग तरुणांना आळशी ठरवतात.

टेबलं सहा-सहा जणांची लावा आणि प्रत्येकावर दहावीच्या बॅचमध्ये निदान पंधरा वर्षांचं अंतर असलेले दोघं तरी ठेवा. पहिली वीस मिनिटं ओळख बॅचवरूनच होऊ द्या, कारण इथं माणूस तसाही 'कुठली शाळा, कितवी बॅच' असंच विचारतो आणि दहावीचे व्हॉट्सॲप ग्रुप प्रत्येकाचे असतात. पुढच्या चाळीस मिनिटांना एक ठोस काम द्या, उदाहरणार्थ मागच्या महिन्यातल्या रिजेक्शनमधले तीन नग, आणि प्रश्न एकच : हे तुम्ही कुणाकडून, कसं शिकला असता? दोन जणांनी कागदावर लिहून काढायचं. थोरल्यांचं उत्तर सहसा एखाद्या माणसाचं नाव असतं, मधल्यांचं कॉलेजचं प्रॅक्टिकल किंवा ड्रॉइंग, धाकट्यांचं व्हिडिओ. तीनही पद्धती एकाच टेबलावर आल्या की ट्रेनीला मामांकडं कशासाठी जायचं आणि मामांना ट्रेनीकडून काय घ्यायचं, हे बोलायला जागा मिळते.

तुम्ही स्वतः कुठल्याच टेबलावर बसू नका. प्रशिक्षण तुम्ही घेताय, फिरतं राहणं बरं. आणि ट्रेनी 'मॅडम' म्हणतात ते तसंच राहू द्या. तुम्ही त्यांच्या मोजमापांवर सही करता, त्यात वयाचा हिशेब नाही.